वलीचाचांची नल्ली

शारजा, ९ नोव्हेंबर १९६४

हव्वाबी,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र फोडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. पंधरा वर्षांनी लिहितेय. माया दाटून आली म्हणून लिहितेय असं समजू नकोस, काम आहे म्हणून लिहितेय. तू मला ओळखतेस, गोड बोलून काम काढून घेणं मला कधी जमलं नाही.

याकूब गेल्याचं तुला कळलंच असेल. नवरा नाही म्हणून आता मी इथं शारजाला मुलाकडे, गनीकडे असते. गनी विमानतळावर इंग्रज फौजेच्या स्टोअरमध्ये क्लार्क आहे. घर रोल्लाजवळ, म्हणजे त्या मोठ्या वडाजवळ. आपल्याकडची माणसं आजूबाजूला आहेत, मासळी चांगली मिळते, पाणी मचूळ आहे. एवढं पुरे.

सहा महिने डोकं धरतंय. फौजेच्या डॉक्टरची गोळी घेतली, चश्मा घेतला, फरक नाही. शेजारीण म्हणाली, वडाखाली एक बलुची मौलवी बसतो, त्याचा तावीज लागू पडतो. गेले. त्यानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "नाम?" मी सांगितलं. मग म्हणाला, "माँ का नाम?" तावीज आईच्या नावानं लिहितात हे मला ठाऊक होतं, तरी मी गडबडले. बदरुन्निसा, म्हणून सांगितलं. त्यानं लेखणी टेकवली नाही. माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "जन्म देणारी?" माझे हे मांजरासारखे डोळे, लपवून लपवणार कुठं. मला नाव माहीत नाही म्हटल्यावर त्यानं कागद घडी करून ठेवला. म्हणाला, "बहन, हशर के दिन भी सब को माँ के नाम से पुकारेंगे. मालूम कर लो."

आता हे किताबात आहे की नाही ते मोठ्या आलिमांनी ठरवावं. पण तेव्हापासून मला झोप नाही. बदरुन्निसाआईनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तिच्याबद्दल एक शब्द वावगा काढणार नाही. पण कयामतीच्या दिवशी पुकारा झाला आणि माझ्यासाठी कुठलंच नाव घेतलं गेलं नाही तर मी उभी कुठं राहू? बाबांनी मला एवढंच सांगितलं होतं: लढाईत जहाज हाम्बुर्गला अडकलं, खलाशांना कैद करून मग तिथंच कामाला लावलं, तिथं त्यांनी एका बाईशी संसार केला, मी झाले, आणि लढाई संपता संपता ती बाई तापानं मेली. मला तीन वर्षांची घेऊन ते १९१९ ला परत आले. नाव विचारलं की उठून जायचे. सात वर्षांपूर्वी ते गेले, आणि नावही त्यांच्याबरोबर गेलं.

गनीच्या साहेबाच्या हाताखाली एक सार्जंट आहे, त्याची बायको इल्से, ती हाम्बुर्गचीच निघाली. गनीनं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जर्मनीत जन्मलेलं मूल सरकारी वहीत असतंच असतं. तिथं शंभर वर्षं होत आली, प्रत्येक पेठेत जन्माची नोंद करणारी कचेरी आहे. मूल झालं की आठवड्याच्या आत कुणीतरी जाऊन सांगायचं: आई, बाप, सुईण, कुणीही. मुलाचं नाव, वेळ, आईचं नाव, तिचा धर्म, तिचा धंदा, घराचा नंबर, सगळं लिहितात. न लिहिलं तर दंड. तिनं त्या कचेरीला पत्र घातलं: हमदुल्ला नावाच्या हिंदी खलाशाची मुलगी, जन्म ११ फेब्रुवारी १९१६. ही तारीख बाबांनी कुराणशरीफच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेली आहे. उत्तर आलं, अशा नावाखाली नोंद नाही.

आता काम सांगते. बाबांचे दर्यावरचे कागद माझ्याकडे नाहीत. बाबा आणि तुझे अब्बा, दोघा भावांची पेटी एकच होती आणि ती तुमच्या घरी राहिली. बाबांची नल्ली, म्हणजे ती खलाशाची नोकरीची वही, त्यात असेल तर पाठव. जहाजाचं नाव कळलं तर पुढची वाट सापडेल असं इल्सेबाई म्हणते.

मैमुनाचाचींची तब्येत विचारली असती. पण माझ्या तोंडून ते त्यांना आवडणार नाही.

शहरबानू

शारजा, १८ फेब्रुवारी १९६५

हव्वाबी,

तुझं उत्तर नाही. दर गुरुवारी गनी पोस्टातून रिकाम्या हातानं येतो आणि दारातूनच सांगतो, "अम्मा, नो लेटर." मी म्हणते, बरं.

इकडचं सांगते, तू विचारलं नाहीस तरी. कचेरीनं दुसऱ्यांदा लिहिलं की बाप आणि आई यांचं लग्न सरकारदरबारी झालेलं नसेल तर मूल आईच्या आडनावाखाली सापडेल, तेव्हा आईचं आडनाव कळवावं. म्हणजे बघ गंमत. आईचं नाव हवं म्हणून मी वही उघडायला सांगते, आणि ते म्हणतात, आधी आईचं नाव सांगा मग वही उघडतो. मी हसले. इल्सेबाईला वाटलं मी रडतेय, तिनं माझा हात धरला.

पण बाई हुशार आहे. ती म्हणाली, वर्षाच्या शेवटी नावांची यादी असते ती सोडून द्या. वहीत नोंदी तारखेनं असतात. जन्म ११ ला, म्हणजे सांगायला कुणी १८ च्या आत आलंच असणार. तो एक आठवडा वाचायचा. हाम्बुर्गात कचेऱ्या बऱ्याच, पण खलाशाची बाई राहणार ती गोदीच्या आसपास, म्हणजे चारपाच कचेऱ्या. तिची एक मावशी आहे हाम्बुर्गला, पेन्शनीत निघालेली शाळामास्तरीण. ती दर मंगळवारी एकेका कचेरीत जाऊन बसते. परक्याला वही हाताळू देत नाहीत, म्हणून तिथला क्लार्क वाचतो आणि ही ऐकते. एका कचेरीची वही १९४३ च्या आगीत जळाली, पण तिथं प्रत्येक वहीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवतात, ती शिल्लक आहे. चार कचेऱ्या झाल्या. हमदुल्ला कुठंच नाही. हिंदी खलाशाचं नाव एकदाच आलं, पण ते दुसऱ्याचं होतं म्हणून ती नोंद पुढं वाचली नाही, असं मावशीनं लिहिलं.

एक दिवस इल्सेबाई माझ्याशी तिच्या भाषेत बोलली, मुद्दाम, हळूहळू. अंगाईचे शब्द म्हणून पाहिले, भाकरीला काय म्हणतात, पाण्याला काय, आईला काय. तिला वाटलं काहीतरी आठवेल. मलाही वाटलं होतं. हव्वाबी, मला एक अक्षर ओळखीचं वाटलं नाही. तीन वर्षं मी त्या भाषेत बोलले असेन, रडले असेन. एवढं पुसलं जातं माणूस?

आता तू का लिहीत नाहीस ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत आहे, तर एकदाचं कागदावर येऊ दे. वलीचाचांचा जनाजा दारात होता. मैमुनाचाची ऊर बडवत होत्या की त्या जर्मन सटवीनं माझा संसार खाल्ला. चाचांची तिकडे कुणी बाई होती हा घोष आम्ही जन्मभर ऐकला. त्या दिवशी मला सहन झालं नाही. मी भर अंगणात म्हणाले, "चाची, लोक आज त्यांना दफन करतायत, तुम्ही वीस वर्षांपूर्वीच केलं होतंत." बोलायला नको होतं. चूक माझी. पण तू काय म्हणालीस ते विसरलीस का? "जिला स्वतःच्या आईचा पत्ता नाही तिनं माझ्या आईला शिकवू नये." तू चिडून म्हणालीस. खरं होतं म्हणून लागलं.

तर तो पत्ताच शोधतेय. पेटी बघ.

शहरबानू

शारजा, २ जुलै १९६५

प्रिय हव्वा,

तुझं पाकीट मिळालं. पत्र चार ओळींचं, पण मी ते चारदा वाचलं. तू लिहितेस, "पेटीत नल्ली एकच आहे आणि ती माझ्या अब्बांची आहे. तुझ्या बाबांची कधी नव्हतीच. पाहून परत पाठव."

पाहिली. वही वाळवीनं कडेला खाल्लीय, पण शिक्के स्वच्छ आहेत. नाव वली अब्दुल लतीफ, गाव आपलं, जिल्हा रत्नागिरी. पहिला शिक्का १९०८, आणि शेवटचा जून १९१४, मुंबई ते हाम्बुर्ग.

आता तू आणि मी दोघी बसून हिशोब करू. चाचांची डाव्या हाताची तीन बोटं जहाजाच्या दोरात गेली ती १९१० साली, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. त्यानंतर ते दर्यावर गेलेच नाहीत. मग १९११ पासून १९१४ पर्यंत ह्या नल्लीवर जहाज कोण चढलं?

मी गनीला दाखवली. त्यानं पानं उलटली आणि म्हणाला, "अम्मा, सिंपल है. नानांनी वलीचाचांच्या नावावर नोकरी केली. फुल फ्रॉड केस. पकडले असते तर जेल, खलास!" मी त्याला दटावलं. पण खरंच आहे. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे, खलाशी भरती करणारा घाटसारंग त्यांना उभं करणार नव्हता. मोठ्या भावाची नल्ली घरात पडून होती, बोटं नसलेल्या माणसाला तिचा काय उपयोग. आपल्या खाडीवर किती जणांनी असं केलं असेल ते अल्ला जाणे. गोऱ्यांना आपली तोंडं सारखीच दिसत. बाबा जहाजावर वली होते. कैदेत वली होते. आणि हव्वा, त्या बाईसाठीही ते वलीच होते. माझ्या आईनं बाबांचं खरं नाव कधी ऐकलंच नाही.

मग मला मावशीचं ते वाक्य आठवलं, हिंदी खलाशाचं नाव आलं पण दुसऱ्याचं होतं. इल्सेबाईकडे मी भर उन्हात चालत गेले. तिनं तेव्हाच लिहायला घेतलं.

नल्ली परत पाठवत नाही, रागावू नकोस. हाम्बुर्गचं उत्तर आलं की पाठवीन. आणि तू पुढच्या वेळी सहा ओळी लिही.

तुझी बानू

शारजा, २१ जानेवारी १९६६

प्रिय हव्वा,

माझ्या आईचं नाव मार्था. मार्था लुईझे बेहरेन्स.

हे वाक्य मी घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं. सुनेला वाटलं मी पाणी मागतेय.

नोंद सापडली. क्रमांक २१४. क्लार्कनं वाचली, मावशीनं उतरवून घेतली, इल्सेबाईनं इंग्रजी केली, गनीनं मला मराठीत सांगितली. शिक्का नाही, सही नाही, नुसता हातानं लिहिलेला कागद. १४ फेब्रुवारी १९१६ ला सुईण कचेरीत आली आणि तिनं सांगितलं की इस्त्रीकाम करणारी मार्था लुईझे बेहरेन्स, अविवाहित, वय बावीस, हिला ११ तारखेला सकाळी साडेसात वाजता राहत्या घरी मुलगी झाली. मुलीचं नाव एल्ला. मी एल्ला. आपली अम्मा एल्ला, म्हणून गनी दिवसभर चिडवत होता.

समासात दोन टिपा आहेत. मूळ नोंद झाल्यावर पुढे काही घडलं तर ते समासात लिहितात. पहिली टीप मे १९१६ ची: खलाशी वली अब्दुल लतीफ, राहणार जिल्हा रत्नागिरी, हिंदुस्थान, यानं स्वतः येऊन हे मूल आपलं म्हणून कबूल केलं. ही टीप ऐकून तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे, कारण माझ्याही आलं. एक रात्र मी तुझी सावत्र बहीण होते. सकाळी डोकं ताळ्यावर आलं. तुझा जन्म ऑगस्ट १९१७ चा, गावात झालेला. चाचा त्या वेळी हाम्बुर्गला कैदेत असतील तर तू कुठून आलीस? तेव्हा निश्चिंत राहा, तुझे अब्बा तुझेच.

दुसरी टीप वाचताना गनी थांबला. "अम्मा, ये छोड दो," म्हणाला. मी म्हटलं वाच. १९५१ साल. आईच्या अर्जावरून, एल्ला बेहरेन्स ही हरवलेली व्यक्ती कोर्टानं मृत ठरवली आहे.

आधी मला कळलंच नाही. मी म्हटलं, मृत कोण, ती का? गनी म्हणाला, "नाही, तू." मी हसले. मग तो म्हणाला, "अम्मा, अर्ज कुणी केला ते बघ."

आईच्या अर्जावरून. १९५१ साली. तापानं १९१९ च्या आधी मेलेल्या बाईनं १९५१ साली कोर्टात अर्ज केला.

हव्वा, ती मेली नव्हती. बाबांनी मला उचलून आणलं. जहाज सुटत होतं, पोर हवी होती, बाईला आणता येत नव्हतं किंवा आणायचं नव्हतं, म्हणून उचललं आणि आले. आणि माझ्या डोळ्यांत बघून मला पोरकी म्हणाले. मी त्या माणसाचे पाय दाबले आहेत. शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं मी केलं, कंटाळले नाही. आज ते समोर असते तर मी त्यांना पाणी दिलं नसतं. हे लिहिणं गुनाह असेल, तरी लिहिते.

आता तुला एकच विचारते. ती बाई बत्तीस वर्षं गप्प बसली नसेल. तिला नल्लीवरचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं. वली अब्दुल लतीफ, जिल्हा रत्नागिरी. तिनं पत्र घातलं असेल तर ते कुणाच्या दारी आलं असेल? खरं सांग.

बानू

शारजा, ३० मे १९६६

प्रिय हव्वा,

तुझं पत्र आलं. सहा ओळी मागितल्या होत्या, तू सहा पानं लिहिलीस. काही ठिकाणी शाई पसरलीय, तिथं मी अंदाजानं वाचलं.

तू लिहितेस की दर वर्षी कैऱ्या धरायच्या वेळी तुझ्या आईबापाचं भांडण व्हायचं, हे तुला लहानपणापासून आठवतं. पोस्टमन यायचा, निळसर पाकीट, बाईच्या हाताचं तिरकं अक्षर, तुझ्या अब्बांचं नाव. चाची पाकीट घेऊन सरळ चुलीकडे जायच्या. अब्बा बाहेर जाऊन होडीत बसायचे. १९३९ ची लढाई लागली तेव्हा पाकिटं थांबली. चाची म्हणाल्या, मेली एकदाची.

तिथून आगबोटीला महिनाभर लागत असेल, पुढे मुंबईहून गावाला आठवडा. कैऱ्या धरायच्या वेळी येणारं पत्र फेब्रुवारीत लिहिलेलं असणार, हव्वा. ती माझ्या वाढदिवसाला लिहीत होती. वीस वर्षं. आणि मी शेजारच्या घरात, कुंपणाच्या अलीकडे, कैरीला मीठ लावून खात बसलेली असायची. चाचींच्या आरड्याओरड्यावर आपण दोघी तोंड दाबून हसायचो, आठवतं ना.

चाचींवर मी रागावू शकत नाही, प्रयत्न करून पाहिला. नवऱ्याच्या नावानं परदेशातून दर वर्षी बाईचं पत्र येतं, वाचता येत नाही, नवरा तोंड उघडत नाही. मी असते तर पत्राबरोबर नवराही जाळला असता. त्यांना कसं सुचावं की ते हमदुल्लाचं आहे? हमदुल्लाची तर मेलेली, सगळ्या गावाला ठाऊक.

चाचा मात्र जाणून होते. ते बोलले असते तर नल्लीचं बिंग फुटलं असतं, भावाला पोलीस धरून नेते, कदाचित मलाही परत पाठवते. म्हणून त्यांनी बायकोच्या शिव्या खाल्ल्या, मरेपर्यंत. आणि माझे बाबा कुंपणापलीकडून ते सगळं ऐकत बसले. मशिदीतून येताना चाचींना सलाम करत. मला ह्या एका गोष्टीचा सगळ्यांत जास्त राग येतो. पोर उचलली ते एकदा केलं, घाईत केलं म्हणू. पण दर वर्षी ऐकत बसणं, ते तर दर वर्षी केलं.

तू विचारतेस, चाचींना आता सांगू का. त्या अंथरुणाला खिळल्यात, अजून त्या बाईला शिव्या घालतात. सांगितलं तर नवरा निर्दोष होता हे कळेल, आणि दुसऱ्याच्या आईची पत्रं आपण जाळली हेही कळेल. मला विचारू नकोस, हव्वा. माझ्या हातात काही चांगलं असतं तर तुला दिलं असतं.

कागदपत्रांचं ऐक. मी नोंदीची शिक्क्याची प्रत मागितली. कचेरी म्हणते, प्रत त्या व्यक्तीला नाहीतर तिच्या सख्ख्या वारसाला देतो. ती व्यक्ती मृत आहे. मी कोण? मी जिवंत आहे असं म्हणायचं तर कोर्टाचा निकाल रद्द करून घ्यावा लागेल. त्यासाठी शहरबानू ती एल्ला आणि हमदुल्ला तो वली, हे कुणीतरी शपथेवर सांगावं लागेल. ते सांगणारं माणूस आता तू एकटी उरलीस. इल्सेबाईनं मावशीला आणखी एक काम सांगितलंय: आई अजून आहे का ते बघायचं. असती तर बहात्तर वर्षांची असेल.

असेल का ग?

तुझी बानू

शारजा, ३ मार्च १९६७

प्रिय हव्वा,

मैमुनाचाची गेल्याची तार मिळाली. इन्ना लिल्लाहि. तू त्यांना सांगितलंस की नाही ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मी विचारणार नाही.

माझ्या आईचं कळलं. ती १९५८ मध्ये गेली. बाबांच्या नंतर एका वर्षानं. मी इकडे शोधायला लागले त्याच्या सहा वर्षं आधी. बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली असती तर ती सापडली असती, तोंडात दात असलेली, बोलती चालती. मी तेव्हा चाळिसावं घालत होते आणि बाबांसाठी रडत होते.

तिनं पुढे लग्न केलं नाही. दुसरं मूल नाही. एका जुन्या शेजारणीनं मावशीला सांगितलं की ती शेवटपर्यंत इस्त्रीचंच काम करायची, बोलायची कमी. मुलगी होती एवढं सांगायची, पुढे विचारलं की उठून जायची. ऐकून मला बाबा आठवले आणि माझा मलाच राग आला.

गनीनं कोर्टाचा अर्ज तयार करून आणला. इंग्रज कॅप्टनच्या ओळखीनं हाम्बुर्गचा वकीलही बघितला. टेबलावर कागद मांडून म्हणाला, "अम्मा, यल्ला, साइन कर. हव्वाखालाचं अॅफिडेव्हिट आलं की केस स्ट्रॉंग आहे. इन्शाल्ला सहा महिन्यांत तू ऑफिशियली जिवंत. मग सर्टिफिकेट, आईचं नाव, सगळं शिक्क्यासकट." पोरानं माझ्यासाठी किती खटपट केली. मी चश्मा लावला, लेखणी घेतली.

तेवढ्यात इल्सेबाई आली. मावशीनं कबरस्तानात जाऊन फोटो काढलाय, तो घेऊन आली. लहानसा दगड आहे, पुढं कसलीतरी झुडपं. दगडावर दोन नावं आहेत. वरती मार्था बेहरेन्स, १८९४–१९५८. खाली एल्ला, १९१६–१९१९. हे दुसरं नाव आईनं जिवंतपणीच कोरून घेतलं होतं, कोर्टाचा निकाल हातात आल्यावर, असं त्या शेजारणीनं सांगितलं. दगड सात वर्षं तसाच उभा होता, फक्त माझं नाव असलेला. ती रविवारी तिथं जायची.

गनी म्हणाला, "सी, अम्मा, हे नाव पण करेक्ट करता येईल. निकाल रद्द झाला की कबरस्तानाला लेटर टाकू."

मी लेखणी खाली ठेवली.

बत्तीस वर्षं ती माझी वाट बघत होती, हव्वा. मग तिनं वाट बघणं थांबवलं, आणि मला पुरलं, आणि त्यानंतर सात वर्षं तिला जाऊन बसायला एक जागा होती. एवढीच एक गोष्ट तिला मिळाली. माझ्याकडून नाही, बाबांकडून नाही, त्या कागदाकडून मिळाली. मी जिवंत आहे असं सिद्ध केलं तर कुणाला सांगणार? जिला सांगायचं ती नाही. मग उरेल एवढंच की ती सात वर्षं रिकाम्या मातीपाशी बसली होती.

तुझी शपथ नको. चाचांचं नाव त्या वहीत बापाच्या जागी आहे, ते तसंच राहू दे. त्यांनी ते कमावलंय. गनी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आज बोलायला लागला.

नल्ली ह्या पाकिटात परत पाठवतेय. पेटीत ठेव किंवा खाडीत सोड, तुझी मर्जी.

एल्ला मेली, हव्वा. तिच्या आईनं तसं लिहून ठेवलंय.

तुझी
शहरबानू